जळणाचा हिशेब

मे महिन्याच्या उत्तरार्धात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघरी पुरुमेताची धांदल सुरू असते. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, सोले यांची बेगमी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच पुरुमेतात जळणही येते, याचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. नारळाची सोडणे खडखडीत वाळवून मागच्या पडवीत रचली जातात, झावळ्यांचे, म्हणजे आमच्याकडच्या चुडतांचे, दांडे कोयत्याने तोडून त्यांच्या मोळ्या बांधल्या जातात आणि करवंट्या गोणत्यांत भरून ठेवल्या जातात. स्वयंपाकाला गॅस आला तरी न्हाणीतल्या भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या भांड्याखाली, पुष्कळ घरांत अजून हेच जळते. पावसाळ्याचे चार महिने बाहेरची काडीही सुकत नाही, त्यामुळे ही रास पुरवून पुरवून वापरावी लागते.

काही वर्षांपूर्वी एक व्यापारी गावात आला आणि सोडणे, चुडते, पाचोळा हे सगळे टनावर विकत घेऊन त्याच्या दाबून केलेल्या इंधनविटा कारखान्यांच्या बॉयलरना पुरवण्याची योजना त्याने मांडली. जे कुजून किंवा जळून जाते त्याचे पैसे होणार, कोळसा तेवढा कमी लागणार आणि गावात चार हातांना काम मिळणार, असे तिन्ही बाजूंनी चांगले वाटावे असे ते बोलणे होते. ज्यांच्या नावावर भाट, म्हणजे माडांची बागायत, आहे त्यांनी लगेच होकार दिला. त्या बैठकीत मागे उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंनी, ज्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या भाटात आहे, एकच गोष्ट विचारली: "भाटात पडलेले चुडत आता टनावर जाणार, तर आमच्या भाणाखाली काय घालायचे?" कोणी उत्तर दिले नाही. पुढे पावसात माल ओला झाल्यामुळे ती योजना बारगळली. बाईंचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही, कारण जैवऊर्जेच्या, म्हणजे पालापाचोळा, शेण, पिके यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेच्या, साऱ्या चर्चेत मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यांनी नेमके बोलून दाखवले होते.

आपण ज्याला टाकाऊ समजतो ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी उपयोगाचे असते. त्याला बाजारभाव नव्हता म्हणूनच ते गरिबाच्या वाट्याला आलेले असते. पडलेले चुडत उचलण्याला आमच्याकडे कोणी मोल मागत नसे. त्याच्या हिरांची केरसुणी होई, विणलेल्या पात्यांचा आडोसा होई आणि उरलेला दांडा चुलीत जाई. हा हक्क कागदावर कुठेच नाही. दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्यांसाठीच्या मुंडकार कायद्याने घराला संरक्षण दिले, पण घराच्या आसपास पडणाऱ्या जळणाला कोण देणार? चुडताला किंमत आली की ती जमीनमालकाच्या हाती जाते आणि जी बाई ते फुकट नेत होती तिच्यावर सिलिंडरचा खर्च वाढतो. गावाचे एकूण उत्पन्न त्या वर्षी वाढलेले दिसेल आणि त्याच गावातले एक घर आधीपेक्षा गरीब झालेले असेल. म्हणून अशा प्रकल्पात पहिली मोजणी टनांची करू नये. आज हे कोण वापरते आणि उद्या त्याला बदल्यात काय मिळणार, याची मोजणी आधी व्हावी.

ग्लोबल बायोएनर्जी पार्टनरशिप या आंतरराष्ट्रीय मंचाने २०११ मध्ये जैवऊर्जेची शाश्वतता तपासण्यासाठी २४ निर्देशक प्रसिद्ध केले. त्यांत आठ पर्यावरणाचे, आठ सामाजिक आणि आठ आर्थिक आहेत. सामाजिक आठांत जमिनीवरचा हक्क आहे, अन्नधान्याच्या किमती आहेत, रोजगार आहे, घरातल्या धुराने होणारे आजार आहेत आणि त्यातच, जळण गोळा करण्यात बायका-मुलांचा जो बिनमोल वेळ जातो त्यात किती फरक पडला, हेही मोजायला सांगितले आहे. हा शेवटचा मुद्दा वाचताना मला माझ्या माहेरचा गोबरगॅस आठवला.

माझे माहेर सावई-वेऱ्याच्या बाजूचे, कुळागराचे, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेचे. सरकारी अनुदानातून तिथे लोखंडी टोपीचा गोबरगॅस बसला तेव्हा घरात सहा-सात गुरे होती. दोन घनमीटरच्या अशा संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते. ते गोठ्यातून उचलून कुंडीत टाकायचे, तितकेच पाणी घालायचे, हाताने कालवायचे आणि त्यातली प्रत्येक काडी वेचून काढायची, कारण गवताच्या काड्या आत गेल्या की वर जाड थर धरतो आणि गॅस अडतो. हे काम माझी काकी करत असे. कोपरापर्यंत हात शेणकाल्यात बुडवून ती उभी असे, तिच्या बांगड्या दंडाकडे सरकवलेल्या असत आणि नजर काड्यांवर असे. त्यानंतर स्वयंपाकघरात जी निळी, धूर नसलेली ज्योत पेटे तिचा अभिमान सगळ्या घराला होता. बाहेर पडणारी मळी पोफळींच्या आळ्यात जाई आणि पोफळी कशा तरारल्या आहेत हे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

हिशेब मांडला तर गोबरगॅस उत्तमच ठरतो. एक घनमीटर बायोगॅस साधारण साडेचारशे ग्रॅम एलपीजीच्या तोडीचा असतो. म्हणजे दोन घनमीटरच्या संयंत्रातून १४.२ किलोचा एक सिलिंडर सुमारे सोळा दिवसांत भरून निघतो, आणि मळीच्या खताचे मोल वेगळेच. तरीही तो बंद पडला. टोपीला गंज चढू लागला, दरवर्षीचा रंग लांबणीवर पडला, घरातली मुले पणजी-वास्कोला नोकरीला गेली, गुरे एकेक करून विकली गेली. पण खरे कारण हे की काकीची कंबर धरली आणि तिच्या जागी रोज सकाळी तो शेणकाला कालवायला दुसरे कोणीच पुढे झाले नाही. संयंत्र बसवायचा निर्णय पुरुषांनी घेतला होता, अनुदानाच्या अर्जावर सही त्यांची होती आणि किफायतशीरपणाच्या हिशेबात काकीचा रोजचा तास-दीड तास कोणीच धरला नव्हता. तो धरला असता तर कदाचित कालवणीचे साधे हातयंत्र आले असते, किंवा दोन-तीन घरांनी मिळून एक माणूस पगारावर ठेवला असता. धुरापासून सुटका झाली हे काकीला मान्य होते. पण चुलीपुढचा त्रास गेला तेव्हा त्यातला काही भाग कुंडीपाशी आला होता, हेही तितकेच खरे होते.

शेणाऐवजी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारे लहान संयंत्र पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केले आणि २००६ मध्ये त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेणापेक्षा पिठूळ आणि गोड पदार्थांत गॅस तयार करणाऱ्या जंतूंचे खाद्य कितीतरी जास्त असते, त्यामुळे थोड्या मालात अधिक गॅस मिळतो, हे त्यामागचे तत्त्व. गुरे कमी आणि खानावळी जास्त असलेल्या गोव्याला हे तत्त्व फार उपयोगाचे आहे असे मला वाटते.

आणि गोड, रसाळ मालाची आपल्याकडे वानवा नाही. गोव्यात पन्नास हजार हेक्टरांहून अधिक जमीन काजूखाली आहे आणि एका बीमागे तिच्या वजनाच्या कितीतरी पट बोंड येते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे या भागांत भट्ट्या लागतात. कोळंबीत, म्हणजे बोंडे तुडवायच्या कुंडीत, बोंडे तुडवून रस काढतात, उरलेल्या चोथ्याची ढेप बांधून तिच्यावर वजन ठेवून निरो, म्हणजे झिरपणारा गोड रस, घेतात, आणि आंबवलेला रस भाणात चढवून आधी हुर्राक आणि मग फेणी उतरवतात. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण भट्टीची आग आजही बहुतेक लाकडावरच जळते. एका भट्टीशेजारी मी बराच वेळ बसले होते. एका बाजूला माणसाच्या उंचीएवढी लाकडांची रास होती आणि दुसऱ्या बाजूला चोथ्याचा ढीग उन्हात आंबत, माशा घोंघावत पडला होता. भट्टीवाला सांगत होता की लाकडाचा खर्च वर्षागणिक वाढतो आहे, डोंगराची पावणी, म्हणजे काजूच्या डोंगराचा लिलाव, महाग झाली आहे आणि बाटलीमागे हातात पडते ते त्या मानाने थोडे आहे.

चोथ्यापासून गॅस करून त्यावरच भट्टी चालवावी, हा विचार तिथे कोणालाही सुचेल. पण बायोगॅसच्या टाकीत जंतू स्थिरावून पूर्ण गॅस यायलाच काही आठवडे लागतात, आणि काजूचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. उरलेले नऊ महिने टाकीला काय खायला घालायचे? एकट्या भट्टीवाल्याला हे परवडणारे नाही. वाड्यावरच्या दोन-चार भट्ट्या, जवळची शाळा, देवस्थानचे महाप्रसादाचे स्वयंपाकघर आणि एखादा गोठा यांनी मिळून एक संयंत्र ठेवले तर वर्षभर माल मिळू शकतो. अशी मांडणी करायला यंत्रापेक्षा माणसांचा परस्परविश्वास जास्त लागतो, आणि शासकीय योजनांत त्यासाठी रकाना नसतो.

ओल्या कचऱ्याची मोठ्या प्रमाणावरची गोष्ट आपण साळगावात पाहिली आहे. तिथला प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, दिवसाला १०० टन कचऱ्यापासून पुढे २५० टनांपर्यंत त्याची क्षमता नेण्यात आली आणि कचऱ्याच्या वायूपासून तिथे वीज होते. किनारपट्टीवरच्या हॉटेलांचा कचरा उघड्यावर कुजत पडण्यापेक्षा हे निःसंशय चांगले आहे. तरी कचरा एका गावाचा, लाभ सगळ्या राज्याचा आणि ट्रकांची वर्दळ दुसऱ्या गावाच्या वाट्याला, ही वाटणी न्याय्य नाही. जुन्या गोव्याजवळच्या बायंगिणीच्या प्रस्तावित कचरा प्रकल्पाला तिथल्या लोकांनी इतकी वर्षे विरोध केला, त्याला केवळ अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. विजेच्या बिलात किंवा पंचायतीच्या तिजोरीत ठळक दिसेल असा वाटा यजमान गावाला मिळाला, तर पुढच्या जागेची बोलणी वेगळ्या सुरात होतील.

देशपातळीवर जैवइंधनाचा वेग आता फार वाढला आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यासाठी २०३० साल धरले होते. २०२२ मध्ये ते २०२५-२६ वर अलीकडे आणले गेले. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. तेलाच्या आयातीवरचे परकीय चलन त्यातून वाचते, हे मोठे काम आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण याच वाटेवर जुलै २०२३ मध्ये सरकारी गोदामांतला तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबवावे लागले, डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली, आणि मग मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये असा चढा भाव दिल्यावर, वर्षानुवर्षे मका निर्यात करणाऱ्या देशाने २०२४ मध्ये तो बाहेरून आणला. कोंबडीच्या खाद्यात मका असतो. गोव्यात अंडी आणि कोंबडी बहुतांशी शेजारच्या राज्यांतून येतात, त्यामुळे पेट्रोलपंपावरच्या निर्णयाचा धक्का म्हापशाच्या बाजारातल्या अंड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. त्याआधी, २००३ नंतर, मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) बियांपासून डिझेल करण्याची मोठी मोहीम झाली होती. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून हे झाड भरपूर बी देईल ही अपेक्षा फोल ठरली. आणि जिला पडीक म्हटले होते ती पुष्कळ ठिकाणी धनगरांची आणि गावच्या गुरांची चराऊ जमीन होती.

या पार्श्वभूमीवर मला धारबांदोड्याच्या संजीवनी सहकारी साखर कारखान्याविषयी बोलायचे आहे, कारण गोव्यात जैवऊर्जेचा सर्वांत मोठा निर्णय तिथेच व्हायचा आहे. मुक्तीनंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, शेतकऱ्यांच्या सहकारातून गोव्याचा हा एकमेव साखर कारखाना आकाराला आला आणि त्याच्या परिसराला दयानंदनगर हे नाव मिळाले. सांगे, केपे, धारबांदोडा या भागांत त्याच्या भरवशावर ऊस लागला. साळावली धरणासाठी कुर्डी आणि आसपासची वस्ती उठली, तिथल्या माणसांना वाडे आणि वालकिणी येथे वसवले गेले आणि त्यांच्यातल्या अनेकांनी नव्या जमिनीत ऊस धरला. २०१९-२० च्या हंगामापासून कारखान्यात गाळप झाले नाही. सरकारने शेतकऱ्यांना आर्थिक साहाय्य दिले, काही ऊस शेजारच्या कर्नाटकात गेला, काहींनी पीकच सोडले, आणि इथेनॉल प्रकल्पाची चर्चा तेव्हापासून पुन्हा पुन्हा होत राहिली.

आमच्या नात्यातले एक काका त्या भागात ऊस लावत. ते म्हणतात, "बाय, ऊस तोडल्यावर दिवसभरात चरकात गेला नाही तर वजनही आमचे जाते आणि गोडीही आमचीच जाते." शंभर किलोमीटरवरच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्याचे नुकसान इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेले नाही.

इथेनॉलचे गणित ढोबळमानाने मांडून पाहावे. एक टन उसाच्या रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल मिळते आणि रसापासूनच्या इथेनॉलचा २०२४-२५ चा जाहीर दर लिटरला ६५.६१ रुपये होता. म्हणजे टनामागे सुमारे ४,६०० रुपये हाती येतात. त्याच २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान भाव, टनाला ३,४०० रुपये होती. उरलेल्या बाराशे रुपयांत कामगारांचे पगार, कर्जाचे व्याज, दुरुस्ती आणि सांडपाण्याची व्यवस्था बसवायची आहे. चिपाडावर वाफ आणि वीज होते म्हणून हे जमू शकते, पण हंगाम पूर्ण भरला तरच. आमच्या दमट हवेत उसाला घाटमाथ्यासारखा साखरेचा उतारा मिळत नाही, आणि गोव्यात ऊस नेहमीच अपुरा पडत आला. मोठा प्रकल्प उभारला तर उरलेले महिने तो बाहेरून आणलेल्या तांदळावर किंवा मक्यावर चालवावा लागेल. मग धारबांदोड्यात यंत्र असेल, धूर असेल, पण इथल्या शेतकऱ्याची गरज उरलेली नसेल. म्हणून प्रकल्पाचा आकार इथल्या उसावरून ठरावा, गुंतवणूकदाराच्या सोयीवरून नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी दोन गोष्टी टाळता येणार नाहीत. इथेनॉलच्या एका लिटरमागे आठ-दहा लिटर किंवा त्याहूनही जास्त काळपट, आम्लधर्मी सांडपाणी निघते. हा परिसर खांडेपार नदीच्या पाणलोटाचा आणि तिच्यावरच ओपाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे, जिथून फोंडा आणि तिसवाडीच्या नळांना पाणी येते. सांडपाणी आटवून त्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची यंत्रणा महाग असते, आणि तोट्याच्या वर्षी पहिली काटकसर तिथेच होते. तेव्हा त्या यंत्रणेचा पैसा आधीच वेगळा बांधून ठेवला पाहिजे. दुसरी गोष्ट, ऊस उत्पादक कोणाला म्हणायचे? एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबारावर, कितीतरी शेतांत आजोबांच्या नावापुढे दहा वारसांची नावे असतात, कुळाचे नाव असते किंवा नसतेही, आणि प्रत्यक्ष कसणारा तिसराच असतो. साहाय्याच्या वेळी जो कागदाअभावी बाहेर राहिला तो कराराच्या वेळीही बाहेर राहू नये. बाहेरून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचे तर नावही कुठल्या कागदावर नसते. त्यांच्या झोपड्यांना पाणी, मुलांना शाळा आणि अपघाताला विमा हाही प्रकल्पाच्या खर्चाचाच भाग धरावा लागेल.

खासगी भागीदार येणार असेल तर येऊ द्यावा. भांडवलावाचून जुनी यंत्रे फिरणार नाहीत हे मला कळते. पण सभासद शेतकऱ्याने फक्त ऊस घालणारा गिऱ्हाईक होऊन राहू नये. इथेनॉल, चिपाडाची वीज आणि रस गाळल्यावर उरणाऱ्या मळीचे खत यांतून जे मिळेल त्यात त्याचा ठरलेला वाटा असावा, संचालक मंडळावर त्याचे आणि निदान एखाद्या शेतकरी बाईचे मत असावे. टनाचा दर, तोडणी आणि वाहतुकीचा भार, सांडपाण्याची जबाबदारी आणि नफ्यातला हिस्सा ही कलमे सही होण्याआधी वाडे, वालकिणी आणि धारबांदोड्याच्या सभांत मराठी-कोंकणीत आकड्यांसह वाचून दाखवावीत, त्यांच्या प्रती घरोघरी द्याव्यात आणि हात वर करायला सांगण्यापूर्वी लोकांना निदान एक महिना विचाराला द्यावा, एवढी माझी अगदी कळकळीची मागणी आहे.